आपलाच दगड

"जरा थांबीव की गं गाडी," अण्णा म्हणाले, आणि मी थांबवली नाही.

एवढीच गोष्ट. गेल्या फेब्रुवारीतली. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचे ट्वेल्व्ह अपॉसल्स, समुद्रात उभे असलेले ते कातळाचे सुळके, बघून आम्ही मेलबर्नकडं परतत होतो. जाताना समुद्राकाठच्या रस्त्यानं गेलो होतो. वळणांनी आईला दोनदा उलटी झाली, म्हणून येताना कॅम्परडाउनवरून आतला महामार्ग धरला. उन्हं पाठीमागून येत होती. आई मागच्या सीटवर पदर तोंडावर घेऊन झोपली होती. अण्णा माझ्या शेजारी, काचेला जवळजवळ कपाळ टेकवून. कॅम्परडाउन सोडून कोलॅककडे येताना मध्ये एक पट्टा लागतो, त्याला स्टोनी रायझेस म्हणतात. जमीन एकदम उंचसखल होते, गवतातून काळे धोंडे डोकी काढतात आणि शेतांमधून, टेकाडांवरून चढत-उतरत काळ्या दगडाच्या भिंती तुमच्याबरोबर पळत राहतात. ताशी शंभरच्या वेगात त्या भिंती म्हणजे नुसती एक काळी रेघ. त्या रेघेकडं बघत अण्णा म्हणाले, जरा थांबीव. दिवसभरात त्यांनी मागितलेली ती एकच गोष्ट. माझ्या मागं दुधाचा टँकर चिकटलेला, दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग, घर अजून दोन तासांवर. "पुढं जागा बघून थांबू, अण्णा," मी म्हटलं. पुढं कोलॅक आलं. पेट्रोल भरलं, आईसाठी चहा घेतला. मग विंचेल्सी, जिलाँग, आणि अंधार पडता पडता वेरिबी. भिंती केव्हाच मागे पडल्या होत्या. अण्णांनी पुन्हा विषय काढला नाही.

रात्री पानावर बसल्यावर मी विचारलं, "मघाशी काय बघायचं होतं?" आमटीत भाकरी कुस्करत ते म्हणाले, "काय न्हाई. ती भिंत. आपलाच दगड हाय."

मार्चअखेर आई-अण्णा परत गेले. त्यांच्या खोलीतली गादी उचलून ठेवली, आईनं उन्हात वाळवलेल्या मिरच्या बरणीत भरल्या. फोनमध्ये चारशेच्या वर फोटो होते: पेंग्विनच्या किनाऱ्यावर शाली पांघरून बसलेले दोघं, पफिंग बिली या वाफेच्या आगगाडीच्या डब्यातून पाय बाहेर सोडायला न धजलेली आई, सॉव्हरिन हिलवर सोनं धुवायची पाटी हातात घेतलेले अण्णा. गावाकडून कुणीही आलं की आपण इथली मंडळी दाखवतो ते सगळं मी दाखवलं होतं, एकही ठिकाण सोडलं नव्हतं. आणि तरी डोक्यात राहिली ती न दिसलेली भिंत. भांडी घासताना, सिग्नलला थांबलेली असताना ते वाक्य कानात यायचं. जरा थांबीव की गं. त्यात हट्ट नव्हता, तक्रार नव्हती. म्हणूनच ते जास्त टोचत असावं.

अण्णांना दगड कळतो. माण तालुक्यातल्या माणसाला तो कळावाच लागतो. शेतात मातीपेक्षा तोच जास्त. बहात्तरच्या दुष्काळात ते सोळा वर्षांचे होते. शाळा सुटली आणि आजीबरोबर ते दुष्काळी कामावर गेले. खडी फोडायची. एका हातानं दगड धरायचा, दुसऱ्या हातात सुतकी, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. संध्याकाळी ढीग मोजला जायचा आणि त्यावर मजुरी. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी यांच्या गोष्टी आमच्या घरात पुष्कळ झाल्या, पण खडीबद्दल अण्णा फारसं बोलत नसत. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख तेव्हापासून मधोमध दुभंगून वाढतं, तेच काय ते सांगायचं. पुढं पाऊसपाणी बरं झाल्यावर त्यांनी आमच्या माळावरच्या तुकड्याला ताली, म्हणजे दगडी बांध, घातल्या. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. त्यातली शेवटची ताल घालताना मी पाहिलंय. मी सात-आठ वर्षांची असेन. एकेक दगड ते मांडीवर घेऊन फिरवायचे. "दगडाला तोंड असतं. ते गावलं की तो गप बसतो." मग मोठ्या दगडांच्या मधल्या फटीत चिपा ठोकायच्या. रचून झाल्यावर छोट्या धोंड्यानं वरच्या दगडावर एक टोला मारायचे आणि कान द्यायचे. नीट बसलेला दगड ठक्क वाजतो. न बसलेला खुळखुळतो. खुळखुळला की तो उचलून पुन्हा मांडीवर.

तर हा माणूस चालत्या गाडीतून एक भिंत बघतो, आणि त्याला कळतं.

मी इथं अकरा वर्षं राहते आणि मला कळलं नव्हतं. मेलबर्नच्या पश्चिमेला आम्ही पुष्कळ मराठी, गुजराती, पंजाबी, तेलुगू घरं आहोत. वेरिबी, टार्नीट, ट्रुगनिना. शहराच्या पूर्वेकडची मंडळी या बाजूला सपाट, रखरखीत, झाडं नसलेली म्हणून नाक मुरडतात. आम्हीही सुट्टी मिळाली की याच सपाट भागाला पाठ करून डँडेनाँगच्या डोंगरात नाहीतर समुद्राच्या रस्त्याला जातो. हा सपाट भाग म्हणजे लाव्हाचं पठार आहे, हे मला अण्णांच्या त्या वाक्यानंतर वाचायला घेतल्यावर समजलं. मेलबर्नच्या पश्चिमेपासून दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हद्दीपर्यंत पसरलेलं, चारशेहून अधिक ज्वालामुखींच्या तोंडांतून सांडलेल्या लाव्हाचं. इथल्या जुन्या इमारती, शहरातल्या गल्ल्यांची फरसबंदी, ज्याला सगळे ब्लूस्टोन म्हणतात, तो बेसाल्टच. सह्याद्रीचा, अजिंठ्याचा, आमच्या विहिरीचा आणि त्या ढिगातल्या खडीचा जो दगड, त्याच जातीचा. अण्णा चूक बोलले नव्हते.

मग मी एकटीच निघायला लागले. लांब नाही, सकाळी डबा घेऊन निघावं आणि दिवेलागणीला घरी यावं एवढंच. पहिलं ठिकाण ऑर्गन पाइप्स. सनबरीला माझी मैत्रीण राहते. तिच्याकडं जायच्या कॉल्डर फ्रीवेवर त्याची तपकिरी पाटी मी शंभरदा वाचली असेल. शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटर. वर गाडी लावली तेव्हा बघण्यासारखं काहीच नव्हतं: माळ, वारा, आणि टुलामरीनच्या विमानतळावर उतरणारी विमानं, इतकी खाली की चाकं मोजावीत. तिथून पायवाट एकाएकी खाली घसरते. माळाला चीर पडावी तशी ती दरी आहे. कडेपर्यंत गेल्याशिवाय दिसतच नाही. उतरताना वारा थांबला. खाली जॅक्सन्स क्रीकचं पाणी जेमतेम वाहत होतं, वेताच्या बेटात काहीतरी खुसखुसत होतं. वळण घेतलं आणि समोर कातळाचे खांब. शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून उभे, कित्येक मजले उंच. काहींवर पिवळं-करडं दगडफूल चढलेलं. मी जवळ जाऊन एका खांबाला हात लावला. उन्हातला भाग गरम, आणि खाचेत बोटं घातली तर आत विहिरीतल्यासारखं गार.

ऑर्गन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आधी संगीत नाटकातला ऑर्गन येतो, पायानं भाता हाणत वाजवायचा. त्याला नळकांडी नसतात. या दगडांना नाव देणाऱ्यांच्या मनात चर्चमधला, भिंतभर नळ्यांचा ऑर्गन असणार. पण या आकाराची मला ओळख होती. मुंबईत नोकरीला असताना मी अंधेरीला राहायचे. तिथं इमारतींच्या गर्दीत गिल्बर्ट हिल नावाचा एक सुळका उभा आहे, वर गावदेवीचं देऊळ. मंगळवारी मी पायऱ्या चढून जायचे, देवीला नमस्कार करायचे आणि उतरायचे. त्या सुळक्याची अंगं अशीच उभ्या खांबांची आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो आणि आकसताना तडकतो, आटलेल्या तळ्यातला चिखल तडकतो तसा. ते तडे वरून आत आत उतरत जातात आणि सहा अंगांचे खांब मोकळे होतात. अंधेरीचा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, डायनासोर संपले त्या काळातला. इथला त्याच्यापुढं कालचं पोर. पण घडण तीच. चार वर्षं दर मंगळवारी मी त्या खांबांशेजारून चढले आणि एकदाही मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं नाही.

ओढ्याच्या कडेनं थोडं वर चालत गेलं की रोझेट रॉक लागतो. तिथं खांब उभे नाहीत. बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे मध्यापासून चहूबाजूंना पसरलेत. आणखी पुढं ओढ्याच्या पात्रातच फरशी घातलेली. म्हणजे खांबांचीच टोकं, पाण्यानं घासून सपाट झालेली. देवळाच्या अंगणात चालल्यासारखी मी तिच्यावरून अनवाणी चालले. परत येताना माहितीचा फलक वाचला. हा भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला तेव्हा दरी काटेरी तणानं गच्च भरली होती. आसपासच्या माणसांनी मित्रमंडळ काढलं, शनिवार-रविवार येऊन तण उपटलं, माळावर कुठंकुठं उरलेल्या मूळच्या झाडांचं बी गोळा केलं आणि पुन्हा लावलं. मी ज्या सावलीत उभी होते ती सावली त्यांनी लावलेली. उद्यान जाहीर झाल्याचं साल मी दोनदा वाचलं.

१९७२.

त्याच वर्षी माणमध्ये एक सोळा वर्षांचा मुलगा याच दगडाची खडी करत होता. इथं माणसं त्याच्याभोवती झाडं लावत होती. यातून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. ज्यांच्या पोटात अन्न आहे ते दगड राखतात आणि ज्यांच्या नाही ते फोडतात, एवढं सोपं ते नाही; अण्णांनी त्याच हातांनी पुढं ताली रचल्या. पण त्या फलकापुढून मला लवकर हलता आलं नाही. एक विमान गेलं, मग दुसरं. घरी आल्यावर अण्णांना फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं, आवाजातलं, कारण त्यांना टाइप करायचा कंटाळा: "ह्यो दगड फोडायला सोपा. आपसूक उभा चिरलेला हाय." मग थोडं थांबून: "पर कुनी फोडला न्हाई, ब्येस केलं."

या पठाराचं गवत हा एक वेगळाच विषय आहे आणि त्याच्याबद्दल बोलताना मला सावरून बोलावं लागतं. एके काळी हा सगळा प्रदेश गवताचा होता. कांगारू गवत, त्यामध्ये मर्नाँग नावाचं पिवळ्या फुलांचं रोप, ज्याचे कंद इथल्या मूळच्या बायका काठीनं उकरून भाजून खायच्या. मेंढ्या आल्या, त्यांनी मर्नाँग मुळापासून खाल्लं. मग नांगर आले, मग आमच्यासारख्यांची घरं. मूळच्या गवताळ माळांपैकी आज शंभरातले दोन भागसुद्धा नीट उरलेले नाहीत. जे उरलंय ते रेल्वेच्या कडेच्या पट्ट्यांत आणि जुन्या दफनभूमींत, कारण तिथं ना नांगर शिरला ना मेंढ्या. देवाच्या भीतीनं राखलेल्या आपल्या देवराया आठवतात, तसंच काहीसं. माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर असा एक तुकडा आहे. नोव्हेंबरात कांगारू गवताला तांबूस लोंब्या येतात, वारा आला की सगळा माळ एकदम एका अंगावर वळतो. हीच जात दख्खनच्या माळावरही उगवते हे कळलं त्या दिवशी मी तिथं गुडघे टेकून बसले. माझं स्वतःचं घर अशाच एखाद्या माळावर उभं आहे. ते मी विकत घेतलंय, हप्ते भरतेय, आणि त्याच्या मागच्या अंगणात मी मेथी लावते. दोन्ही गोष्टी माझ्या आहेत, ते घर आणि ही रुखरुख.

यू यांग्जला मात्र आधीपासून जात होते. आमच्या गच्चीवरून दिसतात त्या टेकड्या, सपाटीत एकट्याच बसलेल्या. तो ग्रॅनाइट आहे. लाव्हा त्यांच्या पायथ्याशी येऊन वळसा घालून गेला. फ्लिंडर्स पीक जेमतेम ३१९ मीटर. मॅथ्यू फ्लिंडर्स १ मे १८०२ला वर चढला म्हणून ते नाव. इथल्या मूळच्या वादावुरंग लोकांचं नाव त्याच्याही फार आधीचं. वर पोचलं की एका बाजूला उपसागर, लांब मेलबर्नच्या इमारतींचा झुबका, आणि खाली उतारावर दगडांनी रेखलेला प्रचंड पक्षी, पंख पसरलेला. तो बुंजिल. या लोकांचा आदिपुरुष, गरुडाच्या रूपातला. अँड्र्यू रॉजर्स या शिल्पकारानं तो २००६ साली केला, पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शंभर मीटर. संध्याकाळी उन्हं तिरपी झाली की दगडांच्या सावल्या लांबतात आणि पंख जाड होतात. ते एकदा तरी बघावं.

आणि एक ठिकाण असं, जे पाहुण्यांना सुचवताना आधी दोन वाक्यं समजावून सांगावं लागतं. वेरिबीचं सांडपाणी केंद्र. मेलबर्नचं सांडपाणी १८९७पासून इकडं येतंय. आज शहरातलं जवळपास निम्मं इथंच शुद्ध होतं. केंद्राची जमीन दहा हजारांहून जास्त हेक्टर, समुद्राला लागून, आणि तिच्यात तळीच तळी. पक्षी बघायला आधी परवानगी काढावी लागते, मग फाटकाची किल्ली मिळते. मी पहिल्यांदा गेले ते जानेवारीत, पहाटे. वास येईल म्हणून नाकाला रुमाल लावून उतरले आणि पाच मिनिटांत रुमाल विसरले. काळे हंस, पेलिकन, बदकांचे थवेच्या थवे, आणि चिखलाच्या कडेला मुठीएवढे करडे पक्षी, शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच खालीवर करणारे. रेड-नेक्ड स्टिंट. वजन असेल तीसेक ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाणे. ते सायबेरियातून येतात. त्यांच्यात कर्ल्यू सँडपायपरही होते, खाली वाकलेल्या चोचीचे. ते मी ओळखले, कारण मुंबईत भांडुप पंपिंग स्टेशनला रविवारी पहाटे दुर्बिणी घेऊन जाणाऱ्यांबरोबर मी काही वेळा गेले होते. तिथंही शहराचं घाण पाणी, खाडी, चिखल, आणि त्यात उतरलेले हेच पक्षी. सायबेरियातून निघताना काही भारताच्या किनाऱ्याकडं वळतात, काही इतक्या खाली येतात. माझ्या वाटेवरची दोन्ही गावं त्यांच्या वाटेवर आहेत हे कळल्यावर मला घशाशी काहीतरी आलं. का, ते नीट सांगता येणार नाही.

बॅलरॅटच्या अलीकडं लाल लाल नावाचं गाव आहे. नाव मराठी कानाला इतकं ओळखीचं, की पाटी बघूनच मी गाडी वळवली; अर्थ मात्र इथल्या मूळच्या लोकांच्या भाषेतला, पाण्याच्या आदळण्याशी जोडलेला. तिथला धबधबा काळ्या कातळावरून चौतीस मीटर खाली पडतो. उन्हाळ्यात गेलात तर ओला डाग दिसेल फक्त. ऑगस्टमध्ये, दोन दिवस पाऊस झाल्यावर जा. बुंजिलचं हे ठिकाण मानतात, त्यामुळं आवाज न करता उभं राहावं आणि परत यावं.

कोलॅकच्या वायव्येला, ॲल्वी गावाशी रेड रॉक आहे. तिथं मी तीनदा गेलेय. चढ पाच मिनिटांचा, पण वारा असा की पदर, ओढणी, टोपी काही अंगावर राहत नाही. पायाखाली मुरूम. आपल्याकडं रस्त्यावर टाकतात तसाच लालसर, हातात घेतला तर वजनाला हलका, भोकाभोकांचा. लाव्हाचा फेस थिजून झालेला. वरून खाली बघितलं की जमिनीला देवी आल्यासारखे खळगे. सुमारे चाळीस तोंडं इथं फुटली. वर येणारा लाव्हा जमिनीखालच्या पाण्याला भिडला, पाण्याची एका क्षणात वाफ झाली आणि जमीन उडाली. काही खळग्यांत पाणी आहे, काहींत पांढरं मीठ. पलीकडं कोरँगमाइटचं खारं तळं आभाळापर्यंत गेलेलं. लोणारला शाळेची सहल गेली होती तेव्हा सरांनी विवराच्या काठावर उभं करून विचारलं होतं, हे खड्डे कशानं होतात? लोणारचा उल्केनं झाला. म्हणजे आभाळातून येणाऱ्यानं. इथले आतून आलेल्यानं. खारं पाणी दोन्हीकडं, गप्प. तिथं बाकावर बसून मी थालीपीठ आणि लोणचं खाल्लं. एक शेतकरी आजोबा कुत्रं घेऊन वर आले, माझ्याकडं बघून त्यांनी टोपीला हात लावला आणि म्हणाले, आज दूरचं स्वच्छ दिसतंय. मग ते नि कुत्रं दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. तिथून एका दिशेला हात करून ते म्हणाले, तिकडं स्टोनी रायझेस. अर्ध्या तासाच्या आत पोचाल.

मला माहीत होतं. मीच इतके महिने तिथं जायचं टाळत होते. जिथं अण्णांना न्यायचं राहिलं तिथं एकटीनं जाऊन काय बघायचं, असं वाटायचं.

त्या दिवशी गेले. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, कोवळं ऊन, गवत गुडघाभर. महामार्ग सोडून एका आडवाटेला वळले, गवतावर गाडी लावली आणि उतरले. गाडीतून जी रेघ होती ती आता माझ्या छातीएवढी उंच भिंत झाली. पहिल्यांदा ऐकू आली ती शांतता, मग तिच्यातले आवाज: भिंतीच्या आत कुठंतरी सरड्याची नखं, पलीकडं गाईचा गवत तोडण्याचा चर्र आवाज. भिंत खाली रुंद, वर निमुळती होत गेलेली. जवळून पाहिलं तर ती एक भिंत नव्हतीच, दोन होत्या. एकमेकींकडं झुकलेल्या, आणि मधल्या पोकळीत मुठीएवढे दगड ठासून भरलेले. अधूनमधून एखादा लांब दगड आरपार, दोघींना धरून ठेवणारा. एका दगडाचा सांधा दुसऱ्याच्या पोटावर. फटीफटीत चिपा. आणि सगळ्यात वर, पुस्तकं फडताळात लावावीत तसे, उभे ठेवलेले दगड, एकमेकांना रेटून. दीडशे वर्षं होऊन गेली असतील.

या भिंती स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्या गवंड्यांनी, मजुरांनी रचल्या. चरायला जमीन मोकळी करायची तर दगड उचलायलाच हवा होता, आणि उचललेल्याचं कुंपण झालं. पुढं ससे आले. विंचेल्सीजवळच्या बार्वन पार्कमध्ये १८५९ साली शिकारीच्या हौसेपायी सोडलेल्या मूठभर सशांनी काही दशकांत देश पोखरला. तेव्हा काही भिंती सशांना अडवायला म्हणून उंच झाल्या, वरचे दगड थोडे बाहेर काढून. पण या दगडांशी बोलणारे ते पहिले नव्हेत. इथून आणखी पश्चिमेला बज बिमला गुंडिचमारा लोकांनी लाव्हाच्या धोंड्यांचेच बांध आणि चर करून ईल मासे पाळले, सहा हजार सहाशे वर्षांपूर्वीपासून. २०१९मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. तिकडं एका दिवसात जाऊन येणं होत नाही, मुक्कामाची तयारी करूनच जावं. ही स्टोनी रायझेसची जमीनही ईस्टर्न मार लोकांची. त्यांच्या हातून गेली आणि मग तिला कुंपणं पडली. मी त्या भिंतीवर हात ठेवून उभी होते आणि अण्णांचं वाक्य मनात उलटंपालटं होत होतं. आपलाच दगड. अण्णांनी ते मालकीनं म्हटलं नव्हतं. गावच्या माणसाला परक्या स्टँडवर ओळखावं तसं म्हटलं होतं. मला मात्र तो "आपला" शब्द उच्चारताना जीभ अडखळते, आणि तरी तो सोडवत नाही.

फोनला रेंजच्या दोन काड्या होत्या. दुपारचा दीड. माणमध्ये सकाळचे आठ, म्हणजे अण्णा चहा पिऊन ओट्यावर. म्हटल्याप्रमाणे होतेच. व्हिडिओ अडकत अडकत येत होता. कधी नुसतं कपाळ, कधी मागच्या लिंबाची फांदी.

"अण्णा, ही बघा. ती भिंत."

ते काही क्षण बोलले नाहीत. मला वाटलं, फोन बंद पडला. मग त्यांचा चेहरा एकदम जवळ आला, चष्मा कपाळावर सरकवलेला. "खाली ने. अजून खाली. बुडातला दगड दाव." मी गवतात बसले आणि फोन मुळाशी नेला. "मोठा घातलाय. बराबर हाय. आता वर. सावकाश, पळू नगंस." मी फोन सावकाश वर नेला, हातभर जागा, मग पुढची हातभर. ते मध्येच थांबवायचे. "ह्ये चिप बघ. मागनं घातलीय कुनीतरी, पहिल्याची न्हाई." मला ती वेगळी दिसत नव्हती. त्यांना साडेनऊ हजार किलोमीटरवरून, हलत्या चित्रात दिसत होती. आई मागून काहीतरी विचारत होती, जेवलीस का असं असावं. अण्णांनी तिला हातानंच थांब म्हटलं.

वरच्या उभ्या दगडांपाशी आलो तेव्हा ते म्हणाले, "वाजीव की."

मी पायाशी एक छोटा धोंडा शोधला, लिंबाएवढा. फोन भिंतीला टेकवला. वरच्या दगडावर हलकेच एक टोला मारला.

"ऐकू न्हाई आलं. वारं लागतंय तुझ्याकडं. परत."

मी वाऱ्याकडं पाठ केली, फोनवर ओढणीचा आडोसा धरला आणि पुन्हा मारला.

ठक्क.

"बसलाय," अण्णा म्हणाले. "आता पुढचा."